रेसच्या गाडीचे पहिले पैसे ब्रेकवर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

जुन्या शंभर ते दीडशे सीसीच्या मोटारसायकली कमी खर्चात रेससाठी तयार करता येतील का, या विषयावर बरीच पत्रे आली आहेत. अनेक पत्रांतील मुद्दे सारखेच असल्याने त्यांतील पाच पत्रे निवडून येथे सविस्तर उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझ्या काकांची १९९३ सालची यामाहा आरएक्स १०० आमच्या घरी उभी आहे. कागदपत्रे पूर्ण आहेत आणि इंजिन एकदा रिबोअर झालेले आहे. मला तिची रेसगाडी करायची आहे, पण बजेट बेताचे आहे. सुरुवात कोठून करावी? (एक विद्यार्थी, इचलकरंजी)

उत्तर : माझे स्पष्ट मत असे की ही गाडी कापू नये. आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात तयार झाली. ९८ सीसीच्या त्या छोट्या इंजिनातून अकरा अश्वशक्ती मिळत असे आणि गाडीचे वजन शंभर किलोच्या आसपासच होते, त्यामुळे १९९० च्या दशकात ती आणि सुझुकी शोगन या गाड्यांनी नव्या स्पर्धकांची एक पिढीच घडवली. मात्र तेव्हा ती रस्त्यावरची साधी, सहज मिळणारी गाडी होती. आज कागदपत्रांसह चांगल्या स्थितीत असलेल्या आरएक्सला हौशी ग्राहक जी किंमत मोजतात, ती पाहता तिला ‘स्वस्तातली रेसगाडी’ म्हणणे अवघड आहे. तुमच्या काकांची गाडी विकली, तर त्या पैशांत दुसरी साधी गाडी आणि हेल्मेट, सूट, बूट, हातमोजे असा सगळा सरंजाम येईल. विकायची नसेल, तर ती मूळ रूपात नीट करून वापरावी.

आरएक्ससारख्या टू-स्ट्रोकवरच मन बसले असेल, तर रेससाठी सुटे इंजिन, वाकलेली टाकी आणि गंजलेली मडगार्डे असलेला माल शोधावा. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा कोल्हापुरातल्या जुन्या मेकॅनिकांच्या माळ्यावर असे इंजिन कधीमधी हाती लागते. टाकीचा पोचा आणि उडालेला रंग यांना घाबरण्याचे कारण नाही. फ्रेमचे नाक, म्हणजे हँडलचे बेअरिंग बसते तो भाग आणि त्याखालचे वेल्डिंग, मात्र उजेडात नीट पाहावे, कारण समोरून धडकलेल्या गाडीची खूण तेथे सापडते. इंजिन घेताना त्याचा नंबर आणि विकणाऱ्याकडची कागदपत्रेही पाहावीत. चोरीचा माल स्वस्तात पडला तरी पुढे महागच पडतो.

या सगळ्याच्या आधीचे एक काम मात्र चुकवू नका. कोणत्या स्पर्धेत, कोणत्या गटात उतरायचे आहे ते ठरवा आणि त्या स्पर्धेची त्या वर्षीची नियमावली हातात घ्या. सीसीची मर्यादा किती, कार्ब्युरेटर बदलता येतो का, सायलेन्सर बदलता येतो की मूळचाच हवा, चाकांचा आकार बदलता येतो का, हे सर्व त्यात लिहिलेले असते. राष्ट्रीय रोड रेसिंगमध्ये गेली काही वर्षे १६५ सीसीचा फोर-स्ट्रोक गट प्रमुख राहिला आहे, तर टू-स्ट्रोकसाठी स्वतंत्र गट ड्रॅग (सरळ पट्ट्यातली शर्यत) आणि डर्ट (मातीवरची शर्यत) या स्पर्धांत अधिक आढळतात. नियम न वाचता पोर्टिंग करून, म्हणजे वायू आत-बाहेर जाण्याची छिद्रे (पोर्ट) कापून घेतलेला सिलिंडरचा ब्लॉक कोणत्याच गटात बसला नाही, तर ते पैसे पाण्यात जातात.

प्रश्न : गाडी घेतली आहे. मेकॅनिक म्हणतो की आधी इंजिन ‘खोलू’, मग बाकीचे पाहू. हा क्रम योग्य आहे का? (सातारा)

उत्तर : नाही. हा क्रम उलटा आहे, आणि कमी पैशांत रेसगाडी करू पाहणारी बहुतेक माणसे येथेच अडकतात. पंधरा अश्वशक्तीच्या गाडीवर ट्रॅकचा वेळ कमी होतो तो वळणात वेग टिकवल्याने आणि ब्रेक उशिरा दाबल्याने. दोन अश्वशक्ती वाढवण्यासाठी लागणाऱ्या पैशांत चांगले टायर, ब्रेक आणि सस्पेन्शन मिळून जाते. शिवाय इंजिनातली वाढीव ताकद हंगामात कधी तरी जाम होऊन बाहेर येते, ब्रेकमधली सुधारणा मात्र प्रत्येक फेरीत उपयोगी पडते.

जुन्या गाड्यांना पुढेही ड्रम ब्रेक असतो, म्हणून त्याविषयी जरा तपशिलात सांगतो. ड्रम आतून लंबगोल झाला असेल, तर तो लेथवर टर्न करून घ्यावा लागतो. पण चाकातून हब सुटा करून टर्न केला आणि नंतर स्पोक ताणले, तर स्पोकच्या ओढीने ड्रम पुन्हा किंचित लंबगोल होतो. त्यामुळे चाक पूर्ण बांधून, स्पोक ताणून, रिम सरळ करून झाल्यावर अख्खे चाकच लेथवर चढवावे. असे चाक धरू शकणारा मोठा लेथ प्रत्येक गल्लीत नसतो, पण शोधल्यास सापडतो. नंतर नवे लायनर बसवलेले शू ड्रमच्या गोलाईला बसवून घ्यावेत. ड्रमला आतून खडूची रेघ मारून चाक फिरवत ब्रेक हलकेच दाबला की लायनर कोठे टेकते ते खडूच्या डागावरून कळते, आणि उंच भाग कानशीने उतरवत गेल्यास पूर्ण लायनर टेकू लागते. लायनरची पुढची कड थोडी तिरपी घासावी, नाहीतर ब्रेक झटका देतो. शेवटी ब्रेकची दांडी पाहावी. लायनर ड्रमला टेकते त्या क्षणी दांडी आणि केबल यांच्यात काटकोन असावा, म्हणजे बोटांची ताकद पूर्ण पोहोचते. पुष्कळ जुन्या गाड्यांत दांडी चुकीच्या दातावर बसवलेली असते आणि मालक मात्र ड्रमला नावे ठेवत राहतो. या सगळ्याला मजुरी लागते, पण भारी सुटा भाग एकही लागत नाही.

त्यानंतर चाकांची बेअरिंग, स्विंगआर्मचे (मागचे चाक धरणाऱ्या हाताचे) बुश आणि हँडलचे बेअरिंग पाहावे. मागचे चाक दोन्ही हातांनी धरून आडवे हलवले आणि खटका जाणवला, तर आधी बुश बदलावे. हँडलला जुन्या गोळ्यांच्या जागी टेपर रोलर बेअरिंग बसवता आले, तर फार उत्तम. पुढच्या शॉकॉपचे तेल बदलून किंचित जाड घालावे. स्प्रिंग फारच बसलेली असेल, तर वर प्लॅस्टिकच्या पाइपचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा टाकून ती आधीपासून थोडी दाबता येते, मात्र शॉकॉप पूर्ण दाबला असताना स्प्रिंगचे वेटोळे एकमेकांना टेकत नाहीत ना, हे पाहून घ्यावे. टायर जुने पण ‘नक्षी अजून शिल्लक’ असे असतील, तर ते बदलावेत. पाच-सहा वर्षे उन्हात राहिलेले रबर कडक झालेले असते, नखाने दाबले तरी ठसा उमटत नाही. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा तारखेचा शिक्का असतो. त्यातले पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात.

शर्यतीआधीच्या तपासणीत नवखी माणसे फार साध्या गोष्टींवर अडकतात. तेलाचा ड्रेन बोल्ट आणि फिलरचे झाकण बारीक छिद्र पाडून तारेने बांधावे, तेही तार घट्ट होण्याच्या दिशेने ओढेल असे. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरची टोके गोळीसारखी गोल असावीत. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की हँडल कोणत्याही बाजूला वळलेले असताना आपोआप बंद झाला पाहिजे. इंजिन बंद करण्याचे बटण अंगठ्याखाली हवे. स्टँड, आरसे, इंडिकेटर आणि हेडलाइट काढून टाकावेत. हे काम घरी, हातानेच होते आणि गाडीचे दोन-चार किलो वजनही उतरते.

प्रश्न : माझ्या आरएक्स १३५ चे पोर्टिंग एका गॅरेजमध्ये करून घेतले आणि वेगळा सायलेन्सरही बसवला. ड्रॅगच्या सरावात टॉप गिअरला पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर असताना इंजिन जाम झाले. मेकॅनिक तेल कमी पडल्याचे सांगतो. मी पेट्रोलमध्ये तेल बरोबर मिसळले होते. मग कारण काय असेल? (नाशिक)

उत्तर : तुम्ही बरोबर मिसळले असेल, तर तेलावर बोट ठेवण्याआधी पिस्टन पाहू. टू-स्ट्रोक इंजिन काय सोसून जाम झाले, हे पिस्टनवर उमटलेले असते. ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील, तर त्या बाजूची उष्णता आवाक्याबाहेर गेली आणि मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी व हवा जास्त, असे होते. चार कोपऱ्यांवर उभे पट्टे असतील, तर पिस्टन आणि बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) यांतली फट कमी पडली किंवा थंड इंजिन एकदम पिळले गेले. माथ्याच्या कडेला वाळूने खाल्ल्यासारखे बारीक खड्डे असतील, तर ते इंजिन ठोकत होते, म्हणजे कॉम्प्रेशन जास्त होते किंवा इग्निशनचा अ‍ॅडव्हान्स जास्त होता, म्हणजे ठिणगी फार आधी पडत होती. माथ्याच्या मध्यभागी वितळल्याची खूण असेल, तर प्लगची उष्णता-श्रेणी आधी तपासावी. तुम्ही वर्णन केलेली घटना मला पहिल्या प्रकारची वाटते.

पातळ मिश्रणाची कारणे सहसा तीन असतात, आणि तुमच्या बाबतीत तिन्ही एकत्र आली असण्याची शक्यता आहे. पहिले असे की पोर्टिंग आणि नवा सायलेन्सर यांमुळे इंजिन अधिक हवा ओढू लागले, पण मेन जेट (पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर पेट्रोल सोडणारे कार्ब्युरेटरचे बारीक छिद्र) जुनीच राहिली. दुसरे कारण क्रँकच्या ऑइल सीलचे. क्लचच्या बाजूचे सील गेले, तर इंजिन गिअरचे तेल ओढून पांढरा धूर सोडते, त्यामुळे ते लक्षात येते. मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूचे सील गेले, तर बाहेरची हवा आत शिरते आणि ती कोणालाच दिसत नाही. वीस-तीस वर्षे जुन्या इंजिनात दोन्ही सीले नवी टाकल्याशिवाय पोर्टिंगला हातच लावू नये. कार्ब्युरेटरच्या आणि सायलेन्सरच्या तोंडाला रबराने बंद करून प्लगच्या छिद्रातून हातपंपाने सहा पीएसआय दाब भरावा आणि साबणाचे पाणी लावावे. दाब काही मिनिटे टिकला पाहिजे. बुडबुडे जेथे येतील तेथे गळती.

तिसरे कारण आजच्या पेट्रोलचे. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला, सुमारे साडेतेरा. म्हणजे १९९० च्या दशकात बसवलेली जेट आज तेवढेच इंधन सोडत असली, तरी इंजिनाच्या दृष्टीने मिश्रण पातळच ठरते. रस्त्यावर अर्ध्या अ‍ॅक्सिलरेटरवर ते निभावून जाते, पण सरळ पट्ट्यात पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर निभावत नाही. इथेनॉल पाणीही ओढून घेते. त्यामुळे तेल मिसळलेले पेट्रोल टाकीत आठवडाभर ठेवू नये. जेवढे लागेल तेवढेच त्या दिवशी मिसळावे आणि जुने रबरी पाइप बदलून घ्यावेत.

आता दुरुस्तीचा क्रम सांगतो. ब्लॉक पुढच्या ओव्हरसाइजला (मोठ्या मापाला) बोअर करताना पिस्टन आधी आणावा आणि त्याच्या मापाने बोअर करून घ्यावा. पोर्टच्या कडांवरची धार उतरवून घेतली आहे का, ते बोटाने पाहावे, कारण त्या धारेत रिंग अडकते. एक्झॉस्टचे पोर्ट किती वर नेले आहे ते मोजावे. आरएक्स १३५ चा बोअर ५८ आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ५० मिलिमीटर आहे. या स्ट्रोकला पोर्ट एक मिलिमीटर वर नेले, की ते उघडे राहण्याचा काळ क्रँकच्या फेऱ्यात साधारण साडेचार अंशांनी वाढतो. ऐकायला हे थोडे वाटते, पण तीन मिलिमीटर खाल्ले, तर इंजिनाचा स्वभावच बदलतो आणि खालचा ओढा निघून जातो.

सायलेन्सरचे गणितही येथेच येते. पोर्ट उघडताच निघालेली दाबाची लाट सायलेन्सरच्या मागच्या निमुळत्या शंकूवर आदळून परत येते आणि पोर्ट बंद होण्याच्या बेताला बाहेर निसटणारे ताजे मिश्रण परत आत ढकलते. पोर्ट १८० अंश उघडे राहत असेल आणि ताकद ९५०० आरपीएमला हवी असेल, तर लाटेचा वेग सेकंदाला सुमारे ५१८ मीटर धरून पिस्टनच्या कडेपासून त्या शंकूच्या मध्यापर्यंतचे अंतर ८२० मिलिमीटरच्या आसपास येते. ८५०० ला हवी असेल, तर ते नऊशेच्या पुढे जाते. तुमचे पोर्ट एका आरपीएमसाठी कापलेले आणि सायलेन्सर दुसऱ्यासाठी बनवलेला असेल, तर दोघांची भांडणे चालू राहतात. बाजारातला चमकदार ‘रेसिंग’ सायलेन्सर घेण्याआधी टेपने ही लांबी मोजावी.

हेड बसवताना स्क्विशची फट मोजावी. पिस्टनच्या माथ्याची कड आणि हेड यांच्यात पिस्टन सर्वांत वर असताना उरणारी ही फट होय. दीड-दोन मिलिमीटर जाडीची सोल्डरची तार वाकवून प्लगच्या छिद्रातून बोअरच्या भिंतीला टेकेपर्यंत घालावी आणि मॅग्नेटचा नट पान्याने हळू फिरवून पिस्टन वरून पुढे न्यावा. तार बाहेर काढून तिचे चपटे झालेले टोक व्हर्नियरने मोजावे. पिस्टन पिनच्या दोन्ही बाजूंना एकेकदा मोजावे, इतर दिशेने मोजल्यास पिस्टन कलंडतो आणि माप खोटे येते. या आकाराच्या इंजिनाला ०.८ ते १ मिलिमीटर ठीक असते. दीड-दोन मिलिमीटर आली, तर कडेचे मिश्रण नीट जळत नाही आणि इंजिन ठोकण्याची शक्यता वाढते. अनेक गॅरेजांत गॅस्केट जाड घालून ‘सेफ’ ठेवल्याचे सांगतात, पण तेच असुरक्षित असते.

शेवटी मेन जेट मुद्दाम मोठी घालून सुरुवात करावी. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर इंजिन गुरगुरत, अडखळत चालले तरी चालेल. एकेक नंबर खाली येत, पट्ट्याच्या शेवटी अ‍ॅक्सिलरेटर न सोडता क्लच दाबून इंजिन बंद करावे आणि प्लग काढून आतल्या पांढऱ्या भागाच्या बुडाशी उमटलेला रंग पाहावा. तेथे गडद तपकिरी कडे दिसले की थांबावे. स्वच्छ पांढरे दिसेपर्यंत जाऊ नये. प्लग मूळपेक्षा एक श्रेणी थंड वापरावा.

प्रश्न : माझा एकोणीस वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर जुनी गाडी रेससाठी तयार करतो आहे. मला काळजी वाटते ती वेगळीच. ही मुले रात्री बायपासवर ‘ट्रायल’ घेतात. त्याला कायदेशीर जागा कोठे मिळेल? (एक आई, पुणे)

उत्तर : ताई, तुमची काळजी पूर्णपणे रास्त आहे. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि पुन्हा सापडल्यास शिक्षा वाढते. कलम ५२ प्रमाणे नोंदणीकृत गाडीत मनाने फेरफार करण्यालाही बंदी आहे. पण मला कलमांपेक्षा मोठी गोष्ट वाटते ती अशी की बायपासवर दुभाजक, कुत्री, उलट दिशेने येणारे टेम्पो आणि अंधार आहे, तर ट्रॅकवर पडणाऱ्यासाठी मोकळी जागा सोडलेली असते, रुग्णवाहिका उभी असते आणि झेंडा दाखवायला माणूस असतो. म्हणून रेसची गाडी ट्रॅकवर टेम्पोत घालून न्यावी, चालवत नेऊ नये. गाडी कायमची रस्त्याबाहेर काढायची असेल, तर आरटीओला कळवून कलम ५५ खाली तिची नोंदणी रद्द करून घ्यावी, म्हणजे पुढचे प्रश्न मिटतात.

जागांविषयी सांगायचे, तर दुसऱ्या महायुद्धातल्या शोलावरमच्या धावपट्टीवरून रेसिंग चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला गेले आणि १९९० पासून तेथला ३.७ किलोमीटरचा ट्रॅक हे भारतातल्या मोटारसायकल रेसिंगचे घर आहे. कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे सुमारे २.१ किलोमीटरचा आहे आणि लहान गाड्यांना तो फार शोभतो. पुण्याहून हे अंतर मोठे आहे, हे खरे. म्हणून सरावासाठी जवळच्या कार्टिंग ट्रॅकच्या व्यवस्थापनाला मोटारसायकलला परवानगी देता का असे विचारावे. दीडशे सीसीची गाडी तेथे पुरेपूर चालते आणि वेग कमी असल्याने पडल्यावरची इजाही कमी होते. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या स्पर्धा झाल्या आहेत, त्यांच्याकडेही लक्ष ठेवावे.

स्पर्धेसाठी फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या संस्थेचा परवाना लागतो आणि त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे लागते. आपण घरून एवढेच करावे : त्याला गाडीसाठी पैसे देण्याआधी चामड्याचा सूट, पाठीचे संरक्षक, मनगट झाकणारे हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट आणि नियमावलीत मान्य असलेले पूर्ण हेल्मेट घेऊन द्यावे. जुनी गाडी चालते, जुने हेल्मेट चालत नाही. आणि जमल्यास पहिल्या सरावाला त्याच्यासोबत जावे. मुलांना ते आवडते, ती सांगत नाहीत इतकेच.

प्रश्न : मी ऑकलंडला असतो. येथे ‘बकेट रेसिंग’ पाहिले आणि थक्क झालो. आपल्याकडे असे काही का नाही? शिवाय गावी सांगलीला माझी जुनी हिरो होंडा सीबीझी आहे, ती अशा प्रकाराला चालेल का?

उत्तर : तुम्ही पाहिलेत ती मला या विषयातली सर्वांत शहाणी परंपरा वाटते. इंजिन मुळात रेससाठी बनवलेले नसावे, फोर-स्ट्रोक दीडशे सीसीच्या आसपास, टू-स्ट्रोक त्याहून लहान, आणि बाकी फ्रेम, चाके, ब्रेक कोठूनही आणून जोडा, असा तिचा गाभा आहे. शर्यती बहुधा कार्टिंगच्या ट्रॅकवर होतात, म्हणून खर्च आवाक्यात राहतो. सुझुकी एफएक्सआर १५० तेथे फार लोकप्रिय आहे. इंग्लंडमध्ये बीएसए बॅन्टम या १९४८ च्या छोट्या गाडीवरही अशाच शर्यती होत आल्या आहेत. ती गाडी जर्मन डीकेडब्ल्यू आरटी १२५ वरून घेतलेली, आणि १९५५ ची यामाहाची पहिली गाडी वायए-१ ही सुद्धा त्याच जर्मन गाडीवर बेतलेली. वायए-१ ने त्याच वर्षी माउंट फुजीची चढणीची शर्यत जिंकली होती. आपल्याकडे गाड्या आहेत, हात आहेत, कार्टिंगचे ट्रॅकही वाढत आहेत. एखाद्या क्लबाने सोप्या, अनेक वर्षे न बदलणाऱ्या नियमांचा एक स्वस्त गट चालवला, तर कोल्हापूर, सांगली, पुणे या पट्ट्यातूनच वीस गाड्या उभ्या राहतील असे मला मनापासून वाटते.

तुमची सीबीझी त्यासाठी फार चांगली आहे. १९९९ साली आलेल्या या १५६.८ सीसीच्या इंजिनाचा बोअर ६३.५ आणि स्ट्रोक ४९.५ मिलिमीटर आहे. स्ट्रोक आखूड असल्याने ९५०० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १५.७ मीटर राहतो, तर ५७.८ स्ट्रोकच्या होंडा युनिकॉर्नमध्ये तोच १८ च्या पुढे जातो. म्हणजे सीबीझी अधिक फिरवली तरी क्रँक आणि रॉडवर ताण कमी येतो. पुढे डिस्क ब्रेक असल्याने ड्रमचा सगळा खटाटोपही वाचतो. बोअर अर्धा मिलिमीटर वाढवला, तर १५९ सीसी आणि एक मिलिमीटर वाढवला, तर सुमारे १६२ सीसी होते, दोन्ही १६५ च्या मर्यादेत बसतात. त्यापुढे जाण्यात अर्थ नाही. कॉम्प्रेशनसाठी हेड घासून घेतले, तर कॅमची चेन किंचित सैल पडून वाल्व्हचे टायमिंग मागे सरकते, त्यामुळे कॅमच्या गिअरची छिद्रे लांबट करून ते पुन्हा जुळवावे लागते. पिस्टनच्या माथ्यावर चिकणमातीची चकती ठेवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवावे आणि वाल्व्हच्या ठशाखाली मातीची जाडी किती उरली ते कापून पाहावे. दीड मिलिमीटरपेक्षा कमी उरली, तर हेड आणखी घासू नये. वाल्व्हच्या स्प्रिंग नव्या घालाव्यात, कारण पंचवीस वर्षे दबलेल्या स्प्रिंगला वरच्या आरपीएमला वाल्व्ह आवरत नाहीत. कामाच्या यादीत इंजिनाचे हे काम तरीही शेवटीच ठेवा. पहिला हंगाम मूळ इंजिनावर, नव्या टायरवर आणि नव्या ब्रेक पॅडवर काढावा, आणि गावी कोणी विश्वासू मेकॅनिक असेल, तर पुढच्या सुट्टीपर्यंत त्याच्याकडून बुश, बेअरिंग आणि शॉकॉपचे तेल एवढे करून ठेवावे.